वाचन-लेखनातून भावशिक्षण

प्राथमिक शाळेतील मुलांना वाचन व लेखन यांच्याद्वारा स्वतःच्या भावनांची ओळख करून देणे आणि दुसऱ्याचे मन जाणण्याची शक्ती त्यांच्या ठिकाणी वाढविणे, यास वाचन-लेखनातून भावशिक्षण म्हणतात. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचा अनुभव समजून घेण्याच्या या शक्तीस समानुभूती अशी संज्ञा आहे. सहानुभूतीत केवळ कळवळा असला तरी पुरतो. नीतिपाठ याहून भिन्न होत. कथेखाली तात्पर्य दिलेले असले, की मूल ते पाठ करते आणि कथेतील माणूस विसरते.

महाराष्ट्रात या दृष्टीचा ठळक आविष्कार साने गुरुजींच्या (१८९९–१९५०) कार्यात आढळतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. हे विद्यार्थी माध्यमिक शाळेतील असले, तरी त्यामागील तत्त्व प्राथमिक वर्गांनाही लागू पडते : ज्यांच्यात राहावयाचे, त्यांच्यासाठीच लिहावयाचे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये निवेदक आपल्या बालपणीचे हट्ट व अपराध उघडपणे सांगतो. वाचणाऱ्या मुलास त्यामुळे स्वतःचे अपराध आठवतात. या पुस्तकाचा परिणाम केवळ मातृभक्तीच्या उपदेशाने झाला असे मानणे अपुरे होय. पुढे लीला पाटील (१९२७–२०२०) यांनी कोल्हापूर येथे १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात मुलांच्या अनुभवांना अध्यापनात मध्यवर्ती स्थान दिले.

परदेशांतील दोन प्रयोग उल्लेखनीय आहेत. सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) या फ्रेंच शिक्षकाने ग्रामीण शाळेत लहान छापखाना आणला. मुले आपले लेखन स्वतः खिळे जुळवून छापीत आणि दूरच्या शाळेतील मुलांस पाठवीत. आपले गाव न पाहिलेला वाचक समोर आला, की नेहमीच्या गोष्टीही समजावून लिहाव्या लागतात. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर (१९०८–८४) यांनी माओरी मुलांना, प्रत्येकाने मागितलेला जिव्हाळ्याचा शब्द कार्डावर लिहून देऊन वाचन शिकविले.

ॲश्टन-वॉर्नर यांच्या पद्धतीचे मर्म वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात बहुतेकांची बोली वऱ्हाडी आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी मानोरा तालुक्यात असून तांड्यांतील घरांत गोरमाटी बोलली जाते. घरी ‘मले’ म्हणणारे मूल पुस्तकात ‘मला’ वाचते. आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या मुलाचा ‘आई’ हा शब्द शाळेपुरता राहतो. अशा मुलास ‘माझी आई’ या विषयावर प्रमाण मराठीत निबंध लिहावयास सांगितल्यास बहुधा फळ्यावरची वाक्ये उतरून येतात. वर्गातील तीस आया मग एकसारख्याच दिसू लागतात! पहिला खर्डा घरच्या बोलीत लिहू दिल्यास वावर, सोयाबीनची सोंगणी, कामासाठी परगावी गेलेला बाप, आजीपाशी राहिलेले भावंड हे सर्व लेखनात येण्यास वाव मिळतो. गोरमाटीला देवनागरी लिपी चालते, त्यामुळे लिपीची अडचण राहत नाही; मात्र शिक्षकास तांड्यातील निदान दोनशे शब्द यावयास हवेत.

वाचनासाठी कथा निवडताना मुलाच्या परिस्थितीहून वेगळे जीवन दाखविणारी कथाही घ्यावी आणि मध्येच थांबून पात्र आता काय करील, हे विचारावे. तीच घटना दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहविणे हा समानुभूतीचा उपयुक्त अभ्यास आहे. सावत्र आई, सावकार, चोर यांच्या बाजूने लिहिताना मुले प्रथम अडखळतात.

या पद्धतीत एक जोखीम आहे. मोकळेपणाने लिहिणारे मूल घरातील दारू, मारहाण वा उपासमार यांविषयीही लिहिते. असे लेखन वर्गात मोठ्याने वाचणे, भित्तिपत्रकावर लावणे किंवा पाहुण्यांपुढे नमुना म्हणून ठेवणे हा विश्वासघात ठरतो. लेखन दाखवावे की नाही, याचा निर्णय मुलाचा असावा. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्यास मात्र शिक्षकाने गप्प न राहता योग्य ती मदत मिळवावी. अशा वहीवर गुण देऊ नयेत. शिक्षकाने मजकुरास उद्देशून दोन ओळींचे उत्तर लिहावे आणि शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या कागदावर करून घ्याव्यात.