मोडी वाचता येते का?

बारावीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाडच्या घराघरांत एकच विषय असतो, पुढे काय? मुलाने किंवा मुलीने 'इतिहास' म्हटलं की घरचे काळजीत पडतात. डीएड-बीएड करून शिक्षक व्हायचं, नाहीतर एमपीएससीचा क्लास लावायचा, एवढ्या दोनच वाटा त्यांना ठाऊक असतात. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला हात देणारं एक काम याच तालुक्यांतल्या जुन्या दप्तरांत पडून आहे.

कुणबी किंवा आगरी कुटुंब जात पडताळणीला गेलं की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ठाकर, कातकरी यांना तर १९५० च्या मागे जावं लागतं. मग पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जुना फेरफार यांची शोधाशोध सुरू होते. कागद सापडतो, पण मोडीत. घडीवर विरलेला, तपकिरी पडलेला तो कागद घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. आधी पानभर आडव्या रेघा मारायच्या आणि मग हात शक्यतो न उचलता त्यांना अक्षरं लटकवत जायचं, अशी ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. वर प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. त्यामुळे मुळाक्षरं लवकर येतात, पण वाचन सरावानेच बसतं.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची गरज राज्यभर भासली. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. त्याचं मुंबईतलं दप्तर काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. आसनगावहून लोकलने सीएसएमटी गाठली की पुढची वाट पायी चालण्याजोगी. जमिनीच्या जुन्या कागदांचं लिप्यंतर करून देणं हा तर कॉलेज सांभाळूनही करता येणारा व्यवसाय आहे.

एल्फिन्स्टन कॉलेजच्या समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिथे संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. वस्तूंची नोंद ठेवणं, त्यांची जपणूक, प्रदर्शनाची मांडणी, शाळांच्या सहली हाताळणं, अशी कामं पुढे मिळतात.

ज्याला उन्हात हिंडायला आवडतं, त्याने पुरातत्त्व घ्यावं. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून वर चढलं की नाणेघाटाचं लेणं लागतं. भिंतीवर ब्राह्मीत कोरलेला सातवाहनांचा लेख आहे. राणी नागनिकेशी जोडल्या जाणाऱ्या या लेखात यज्ञांची आणि दानांची यादी येते, आणि ती दानं मोजणारे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात गणले जातात. राजघराण्याच्या पुतळ्यांची मात्र पावलांपुरती खूण उरली आहे. कोण कुठे उभं होतं ते वर कोरलेल्या नावांवरूनच कळतं. असं वाचायला शिकवणारी मोठी संस्था म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. कायमच्या जागा थोड्या निघतात, सुरुवात बहुधा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पावर होते. हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

घाटापलीकडचा शिवनेरी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. शहापूरच्या माहुलीला ते बिरुद नाही, पण १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज दिली ती याच गडावरून. दर पावसाळ्यात माणसं गड चढून जातात, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही. गावातला जाणकार वाटाड्या इथे सहज उभा राहू शकतो.

एक काम मात्र थांबायला तयार नाही, ते म्हणजे आठवणी टिपून ठेवण्याचं. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी गटाला भाकरी पोचवणाऱ्या, वाटा दाखवणाऱ्या वाड्या-पाड्यांतली पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्याकडून ऐकलेलं आता त्यांच्या मुला-नातवंडांकडे आहे, बहुतेक ठाकरी बोलीत. ते टिपायला मोबाइलचा रेकॉर्डर पुरतो. बोली कळणारा, काय विचारायचं ते जाणणारा मुलगा किंवा मुलगी मात्र तिथलीच हवी.