शिवरात्रीच्या आत परसबाग लावा; उन्हाळ्यात भाजी घरचीच

हिंगोली : हरभरा काढणीला आला, हळदीचा पाला कापणं सुरू झालं की घरामागच्या जागेकडं बघायला कुणालाच सवड नसते. पण उन्हाळी भाजीपाला लावायचा तर वेळ हीच. संक्रांतीनंतर जागा तयार करून औंढ्याच्या शिवरात्री यात्रेच्या आत बियाणं मातीत गेलं, तर एप्रिल-मे महिन्यात ताटात भेंडी, गवार, चवळी, दोडका दिसतो. उशीर झाला की कोवळी रोपं थेट उन्हाच्या तडाख्यात सापडतात.

प्रश्न फक्त पैसे वाचवण्याचा नाही. उन्हाळ्यात आठवडी बाजारात पालेभाजी महागते, मग अनेक घरांत भाकरीसोबत चटणी आणि वरण एवढंच उरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. फळे आणि भाज्या मिळून माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. परसबागेचा खरा उपयोग इथं आहे.

आधी पाणी मोजा, मग जागा

बाग किती मोठी करायची हे जागेवर नाही, पाण्यावर ठरवावं. मे महिन्यात भाजीसाठी रोज किती घागरी पाणी नक्की मिळेल याचा अंदाज घ्यावा आणि तेवढेच वाफे करावेत. १० बाय १० फुटांची जगलेली बाग एक गुंठ्याच्या वाळलेल्या बागेपेक्षा बरी.

अंघोळीचं पाणी शेवगा, केळी, अळू यांना द्यावं. कपड्याच्या सोड्याचं पाणी टाळावं. पालेभाजी जमिनीलगत असते, तिला सांडपाणी अजिबात देऊ नये.

काळी माती अशी तयार करा

आपल्याकडची काळी माती पाणी धरते, पण वाळली की भेगाळते आणि मुळं तुटतात. म्हणून जागा एक वीत खोल खोदून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावी. मग ढेकळं फोडून ३ फूट रुंद वाफे करावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. १० फूट लांबीच्या वाफ्याला तीन-चार टोपल्या शेणखत मिसळावं. खत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्च्या शेणासोबत हुमणी येते.

काय, कुठं लावायचं?

थंडी ओसरली की भेंडी, गवार, चवळी टोकावी. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ हे वाण केवडा रोगाला तोंड देण्यासाठीच विकसित केलेलं आहे.

दोडका, कारलं, दुधी यांच्यासाठी दीड फूट खोल आळं करून प्रत्येकी दोन-तीन बिया लावाव्यात. हे वेल पश्चिमेच्या बाजूला घ्यावेत. पऱ्हाट्या, तुराट्यांचा मांडव केला की दुपारनंतरचं ऊन तिथंच अडतं आणि त्या सावलीत कोथिंबीर, पालक, चुका तग धरतो. मेथी उन्हाळ्यात लवकर फुलावर जाते, ती थोडीच लावावी. राजगिरा आणि तांदळजा मात्र ऊन सोसतात. पालेभाजी एकदम न पेरता दर १५ दिवसांनी थोडी थोडी पेरावी.

हळदीचा पाला फेकू नका

वसमत, कळमनुरी भागात हळद काढणीच्या वेळी पाला मुबलक असतो. तो किंवा सोयाबीनचं काड वाफ्यावर तीन-चार बोटं जाड पसरलं की ओल टिकते, भेगा कमी पडतात. पाला रोगट नसावा. वेलाच्या आळ्याजवळ न भाजलेल्या रंगाचं नाही, तर साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरावं, भरून झाकून ठेवावं. पाणी झिरपत थेट मुळांना मिळतं. बाकी पाणी संध्याकाळी द्यावं.

मावा, तुडतुडे दिसले तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. वेलावर लाल भुंगे आले तर सकाळी दव असताना चुलीची राख धुरळावी. आणि कुंपण विसरू नये. शेळी एका मिनिटात महिन्याची मेहनत संपवते.

बी घरचं ठेवा

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या कामाची सुरुवातही अशीच घराजवळच्या भाजीपाल्यातून झाली. चांगल्या झाडाची दोन-चार फळं वाळू द्यावीत आणि बी राखेत ठेवावं. संकरित वाणाचं बी मात्र धरू नये, पुढचं पीक तसंच येत नाही.

बियाणं आणि मार्गदर्शनासाठी कळमनुरी तालुक्यातील तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र किंवा गावातील सहायक कृषी अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे कृषी सहायक) विचारणा करावी.

भाजी आली की एक गोष्ट पाळावी : पालेभाजीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं, चहानं ते अडतं. आणि घरातल्या बाईनं शेवटी उरलेलं नाही, सगळ्यांसोबत वाढून घ्यावं.