चिपाडातील विस्तव

उसाचा रस निघाला की मागे उरते ते चिपाड. गुऱ्हाळात ते उन्हात वाळवून चुलवाणात घालण्याची रीत जुनीच आहे. साखर कारखान्यातही तत्त्व तेच. फरक आहे तो यंत्राचा.

कारखान्यात ऊस प्रथम फिरत्या सुऱ्यांखाली तुटतो. मग श्रेडर नावाचे यंत्र जड हातोड्यांनी कांडी फोडून तिचे धागे मोकळे करते. या कुटण्याचा लाभ दुहेरी आहे. चरकात रस अधिक निघतो आणि उरलेला भुसा भट्टीत सहज पेट घेतो.

एक टन उसामागे साधारणपणे ३०० किलो चिपाड निघते. परंतु त्यात निम्मे पाणीच असते. ते उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. म्हणून शेवटच्या चरकाने चिपाड किती कोरडे सोडले, यावर इंधनाची किंमत ठरते.

पूर्वी चिपाड ही अडगळ वाटे. ते जाळून संपवले की झाले, अशी दृष्टी असे. आता उच्च दाबाची वाफ आधी जनित्र फिरवते आणि मग तीच रस आटवते. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज बाहेर विकता येते. हीच सहवीजनिर्मिती होय.

मात्र साठवलेला ढीग आतून तापून पेटू शकतो. बुरशी धरलेल्या चिपाडाची धूळ श्वासावाटे गेल्यास मजुराला बगॅसोसिस हा फुप्फुसाचा विकार जडतो. वीज कारखान्याला आणि धूळ मजुराला, ही वाटणी न्यायाची नव्हे. विस्तव जपून वापरायचा, तर तो चेतवणारा माणूसही जपलाच पाहिजे.