अन्नाची सुरक्षितता : बाजारापासून स्वयंपाकघरापर्यंत

मराठीत ‘अन्नसुरक्षा’ हा एकच शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात त्याचा अर्थ परवडणाऱ्या दरात पुरेसे धान्य मिळण्याची हमी असा आहे. तर २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यात, मिळालेले अन्न आरोग्यास अपायकारक नसल्याची हमी असा आहे. पहिला प्रश्न ‘किती’ हा आहे, दुसरा ‘कसे’ हा. मात्र हे दोन्ही प्रश्न परस्परांपासून अलग नाहीत. दूषित अन्नामुळे वारंवार अतिसार होणाऱ्या बालकाच्या शरीरात पोषकद्रव्ये पुरेशी शोषली जात नाहीत. त्यातून कुपोषण वाढते आणि कुपोषणामुळे प्रतिकारशक्ती घटून पुन्हा संसर्ग होतो. ‘कसे’ या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यास ‘किती’ यावर केलेला खर्चही काही अंशी व्यर्थ जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडत होते आणि ४ लाख २० हजार लोक दगावत होते. मृतांमध्ये पाच वर्षांखालील बालकांची संख्या १ लाख २५ हजार होती. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अभ्यासाने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांचे या कारणाने होणारे वार्षिक नुकसान सुमारे ११० अब्ज डॉलर असल्याचे दाखविले. यातील फार मोठा वाटा औषधोपचाराचा नसून बुडालेल्या श्रमाचा व घटलेल्या उत्पादकतेचा होता.

बाजारयंत्रणेची मर्यादा

ग्राहक चोखंदळ असेल तर अस्वच्छ विक्रेता आपोआप मागे पडेल, असा युक्तिवाद केला जातो. तो येथे अपुरा ठरतो. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विक्रेत्याला असलेली माहिती ग्राहकाला नसेल तर चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ शकतो. अन्नाच्या बाबतीत ही माहितीची विषमता अधिक तीव्र असते. भाजीचा ताजेपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. आजाराची लक्षणे काही तासांनी, कधी काही दिवसांनी प्रकट होतात. तोवर दोष नेमका कोणत्या दुकानातील कोणत्या पदार्थाचा हे सांगणे कठीण होते. परिणामी स्वच्छ पाणी, बर्फ आणि झाकण यांवर खर्च करणाऱ्या विक्रेत्याला त्याचा मोबदला मिळतोच असे नाही. म्हणूनच शासनाचा हस्तक्षेप आवश्यक ठरतो.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात अन्नपदार्थांतील भेसळ हा विषय समवर्ती सूचीत, तर सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय राज्यसूचीत आहे. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर, नावाप्रमाणेच, भेसळ पकडून शिक्षा करण्यावर होता. २००६ च्या कायद्याने हा कायदा आणि फळे, मांस, दूध आदींविषयीचे स्वतंत्र आदेश यांची जागा घेतली. त्यानुसार २००८ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण स्थापन झाले आणि ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलबजावणी सुरू झाली. उत्पादनापासून विक्रीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर स्वच्छता राखणे हे या कायद्याचे सूत्र आहे. लहान विक्रेत्यांना नोंदणी, तर मोठ्या व्यावसायिकांना परवाना घ्यावा लागतो. वेष्टनावरील चौदा अंकी क्रमांक हा त्याचाच पुरावा होय. अदृश्य गुणवत्तेची खूण ग्राहकाला दिसेल अशी करणे, हा त्यामागील आर्थिक हेतू आहे.

खरेदी आणि साठवण

कायद्याची नजर दुकानापर्यंत पोहोचते. त्यापुढील साखळी कुटुंबाच्या हाती असते. साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात बहुतेक रोगजंतू वाढतात. अनुकूल स्थितीत काही जिवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. या गतीने एका जिवाणूचे चार तासांत ४,०९६ जिवाणू होतात. त्यामुळे बाजारात धान्य, डाळी व मसाले आधी आणि दूध, मांस, मासळी सर्वांत शेवटी घेणे हितावह असते. कच्चे मांस वा मासळी स्वतंत्र पिशवीत ठेवावी, जेणेकरून त्यातील पाणी न शिजवता खाल्ल्या जाणाऱ्या काकडी-टोमॅटोला लागणार नाही. हाच नियम घरातील विळी, सुरी आणि फळीलाही लागू होतो. फुगलेला डबा, फाटलेले वेष्टन आणि उघड्यावर चिरून ठेवलेली फळे टाळावीत.

फळे व भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्याने धुणे पुरेसे असते. २०२० च्या महासाथीत अनेक घरांत भाजी साबणाने धुतली जाऊ लागली, तेव्हा साबण वा जंतुनाशके अन्नावर वापरू नयेत, असे प्राधिकरणाला सांगावे लागले. फ्रिजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ मंदावते; म्हणून शिजविलेले अन्न वरच्या कप्प्यात झाकून आणि कच्चे मांस खालच्या कप्प्यात ठेवावे. शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू नये आणि पुन्हा खाण्यापूर्वी ते वाफ येईपर्यंत गरम करावे.

कोरड्या किराण्याचा शत्रू ओलावा हा आहे. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानच्या आदिवासी भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताच्या आजाराची साथ उद्भवली आणि सुमारे १०६ जणांचा बळी गेला. बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजविण्याने पूर्णतः नष्ट होत नाही. म्हणून मका वा भुईमूग नीट वाळवून, जमिनीपासून उंचावर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि बुरशी आलेला माल निवडून-धुऊन न वापरता टाकून देणे हाच उपाय आहे. मात्र तुटपुंज्या साठ्यावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाला धान्य टाकून देणे किती कठीण आहे, हेही या घटनेतून ध्यानात येते.

सार्वजनिक व्यवस्थेची भूमिका

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे ३८ टक्के कुटुंबांकडेच फ्रिज होता. उरलेल्या कुटुंबांना रोज थोडी खरेदी करणे, एका वेळेपुरतेच शिजविणे आणि दूध लगेच उकळणे हेच मार्ग उपलब्ध असतात. त्यासाठी लागणारा वेळ व इंधन यांचा भार बहुतांशी घरातील स्त्रीवर पडतो. पाण्याबाबतही हेच खरे आहे. जल जीवन मिशन सुरू झाले तेव्हा, ऑगस्ट २०१९ मध्ये, सुमारे ३.२३ कोटी ग्रामीण घरांत नळजोडणी होती; २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली. अर्थात नळ पोहोचणे आणि त्याचे पाणी निर्जंतुक असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

सामूहिक गुंतवणुकीने काय साधते, याचे उदाहरण दुग्धव्यवसायात आढळते. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेतून सहकारी संस्थांचे जाळे विस्तारले. त्यातून गावातले दूध शीतकरण केंद्रात थंड होऊन, सामान्यतः ७२ अंश तापमानाला १५ सेकंद तापवून, शहरातील ग्राहकापर्यंत पोहोचू लागले. येथे सुरक्षितता ग्राहकाच्या चोखंदळपणावर सोडलेली नसून व्यवस्थेतच अंतर्भूत आहे. भाजीपाला, मांस आणि मासळी यांच्या बाबतीत अशी अखंड शीतसाखळी अद्याप सर्वदूर निर्माण व्हावयाची आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१९ पासून ७ जून हा जागतिक अन्नसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. गृहिणीला स्वच्छतेचे धडे देणे हे त्या दिवसाचे सोपे कार्य होय. तिच्या हाती स्वच्छ पाणी, न तुटलेली शीतसाखळी आणि विश्वासार्ह खूण असलेला माल पोहोचविणे हे कठीण कार्य आहे. ते पार पडल्यावरच स्वयंपाकघरातील दक्षतेला पूर्ण फळ येईल आणि ‘अन्नसुरक्षा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच ताटात एकत्र येतील.