सोनचाफा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोलादपूरहून कुडपणच्या डोंगरावर जाताना पावसाळ्यात रस्त्याच्या कडेने पाणी धावत असतं. एवढं पाणी, लाल माती, स्वच्छ हवा. इथे सोनचाफा नुसता खोचला तरी लागेल, असं कुणालाही वाटेल. या झाडाला कोकण मानवतंही. पण त्याच्याबद्दल इतक्या चुकीच्या समजुती रूढ आहेत की अनेक रोपं दुसरा उन्हाळा बघत नाहीत.

गैरसमज: सगळे चाफे एकाच कुळातले.
वस्तुस्थिती: देवळाजवळचा पांढरा चाफा, म्हणजे खुरचाफा, मूळचा अमेरिका खंडातला. तो कण्हेरीच्या कुळातला असून फांदी मोडली की त्यातून चीक येतो. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, तर भुईचाफा हळदीच्या. सोनचाफा मात्र खरा मॅग्नोलिया आहे. लिनियसने 1753 मध्ये त्याला मिचेलिया चंपाका हे नाव दिलं. आता शास्त्रज्ञ त्याला मॅग्नोलिया चंपाका म्हणतात.

गैरसमज: मॅग्नोलिया म्हणजे परदेशी झाड.
वस्तुस्थिती: बागांत दिसणारा मोठ्या पांढऱ्या फुलांचा मॅग्नोलिया अमेरिकेतला आहे. सोनचाफा मात्र भारत आणि आग्नेय आशियाच्या जंगलांतला. तो सदाहरित असतो आणि मोकळी जागा मिळाली तर 30 मीटरपर्यंत वाढतो. ईशान्य भारतात त्याच्या लाकडालाही मान आहे.

गैरसमज: भुंगा चाफ्याकडे फिरकत नाही, म्हणजे फुलात काही खोट आहे.
वस्तुस्थिती: एक फूल हातात घेऊन पाकळ्या बाजूला करा. मधोमध एक दांडी दिसेल. तिच्या तळाशी चपटे पुंकेसर दाटीने बसलेले असतात आणि वर स्त्रीकेसर मळसूत्रासारखे रचलेले असतात. ही फार जुनी घडण आहे. मॅग्नोलियासारख्या फळांचे सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत. या कुळातल्या फुलांचं परागीभवन मुख्यतः कठीण पंखांचे भुंगेरे करतात. फुलात खोट नाही, त्याचे पाहुणे वेगळे आहेत.

गैरसमज: चाफ्याच्या वासाने साप येतात.
वस्तुस्थिती: साप फुलाच्या सुगंधामागे जात नाही, भक्ष्याच्या मागावर असतो. अडगळ, दगडांचे ढीग, उंदीर आणि बेडूक असतील तिथे तो येणारच. परसू स्वच्छ ठेवा, झाड तोडू नका.

गैरसमज: बियांचं झाड फुलतच नाही.
वस्तुस्थिती: फुलतं, पण त्याला सात-आठ वर्षं किंवा जास्तही लागतात. कलमाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फुलं येतात, म्हणून कोकणात वेलणकर चाफ्याची कलमं इतकी लोकप्रिय झाली. बी लावायचंच असेल, तर वरचा तांबूस गर धुऊन लगेच पेरा. ठेवून दिलेलं बी लवकर निकामी होतं. कलमाच्या जोडाखाली फुटलेले धुमारे काढत राहा, नाहीतर खालचा खुंटच माजतो.

गैरसमज: कुडपणसारख्या पावसात वेगळं पाणी कशाला?
वस्तुस्थिती: इथला पाऊस चार महिन्यांचा आणि त्यातही धोका आहे. सोनचाफ्याची मुळं मांसल असतात. खड्ड्यात पाणी साचलं की ती कुजतात. म्हणून सड्यावरची उथळ माती टाळा. घराजवळची, उताराची, खोल मातीची आणि वाऱ्याला आडोसा असलेली जागा निवडा. दोन फुटांचा खड्डा माती आणि कुजलेल्या शेणखताने भरा, रोप थोड्या उंचवट्यावर लावा. दोन कलमांत दहा फूट अंतर ठेवा. दिवाळीनंतर आळं करून पाणी द्या आणि पाचोळ्याचं आच्छादन घाला. वणव्याच्या दिवसांत भोवतालचं गवत काढा. एकदा लागलेलं झाड हलवू नका, मुळं दुखावली की ते सहसा सावरत नाही.

गैरसमज: पानं खाणारी अळी दिसली की फवारणी करायची.
वस्तुस्थिती: 'टेल्ड जे' हे हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू सोनचाफ्याच्या पानांवर अंडी घालतं. डोक्यामागे फुगीर असलेली त्याची अळी थोडी पानं खाते, पण मोठ्या झाडाला त्याने काही होत नाही.

गैरसमज: कलमं लावली की पैसा सुरू.
वस्तुस्थिती: वसईच्या बागायतदारांना मुंबईचा फूलबाजार जवळ आहे. फूल पहाटे, अर्धवट उमललेलं असतानाच काढावं लागतं. चुरगळलं की पाकळ्या तपकिरी पडतात आणि दिवसभरात त्याची किंमत जाते. कुडपणहून घाट उतरून रोज बाजार गाठणं सोपं नाही. म्हणून आधी पोलादपूर-महाडचे हारवाले आणि देवस्थानं यांच्याशी बोलून ठेवा, मग कलमांची संख्या ठरवा.

घरापुरतं लावायचं असेल तर एवढाही विचार नको. येत्या पावसाच्या सुरुवातीला खात्रीच्या रोपवाटिकेतून एक कलम आणा आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी द्या. तेवढं केलंत की पुढची कित्येक वर्षं देवघरातली फुलं विकत आणावी लागणार नाहीत.