एक्सेलला जोड देताना आधी प्रकार ठरवा

बऱ्याच गटांचा बचत-कर्जाचा हिशेब आता एक्सेलमध्ये असतो. त्याला आपल्या सोयीची जी जोड देता येते, तिला ॲड-इन म्हणतात. कॉम्प्युटर शिकलेली एखादी मुलगी ते बनवायला बसली, की मायक्रोसॉफ्टचं 'यो ऑफिस' हे फुकट साधन आधी विचारतं: प्रकल्प कुठल्या प्रकारचा? हे उत्तर तिच्या एकटीवर सोडू नका. हिशेब कोण लिहितं, ते आपल्याला माहीत असतं.

'टास्क पेन' म्हणजे पत्रकाशेजारी उघडणारी उभी पट्टी. नाव, हप्ता, दंड तिथे भरून बटण दाबलं की पत्रकात नोंद होईल, असं त्यात करता येतं. सचिव सारखी बदलत असेल तर हाच प्रकार बरा. नवखीचा हात जुन्या आकड्यांवर पडत नाही.

'कस्टम फंक्शन' म्हणजे आपलं स्वतःचं सूत्र. ते फक्त एक्सेलमध्ये चालतं. पण ५,००० रुपयांवर दरमहा शेकडा २ प्रमाणे १०० रुपये व्याज, एवढंच काढायचं असेल तर एक्सेलचा साधा गुणाकार पुरतो. त्यासाठी कुणी गटाकडे पैसे मागितले तर देऊ नका. दंड, सवलत, उतरती शिल्लक असे आपले वेगळे नियम असतील तरच हा प्रकार घ्या.

दोन्ही हवं असेल तर 'शेअर्ड रनटाइम'वालं कस्टम फंक्शन निवडायला सांगा. त्यात सूत्र आणि पट्टी एकत्र चालतात.