फ्लूच्या नावातले 'एच' आणि 'एन'

स्वाइन फ्लू म्हणजे एच१एन१, बर्ड फ्लू म्हणजे एच५एन१. ही विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची आद्याक्षरं. 'एच', म्हणजे हिमॅग्लुटिनिन, पेशीला चिकटून आत शिरतं. 'एन', म्हणजे न्यूरामिनिडेज, नव्या विषाणूंना बाहेर पडायला वाट कापून देतं. ऑसेल्टामिविरची गोळी ही कापाकापीच थांबवते, म्हणून ती पहिल्या ४८ तासांत घेतलेली बरी.

हिमॅग्लुटिनिन म्हणजे रक्तपेशींचे पुंजके करणारं! १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना दिसलं, की फ्लूच्या विषाणूमुळे कोंबडीच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात.

एचचे आजवर १८हून अधिक प्रकार सापडले. बहुतेक पाणपक्ष्यांत, दोन चक्क वटवाघळांत.

आता खरी गंमत, आणि खरी भीतीही. हे एच कामाला लागण्याआधी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात. साध्या फ्लूत ते कापणारी विकरं मुख्यतः श्वासमार्गात असतात, म्हणून आजार सहसा नाक, घसा, छातीपुरता राहतो. पण घातक बर्ड फ्लूच्या एचमध्ये कापायच्या जागी चार-दोन जादा अमिनो आम्लं घुसलेली असतात, आणि ती जागा फ्युरिन नावाच्या विकरालाही कापता येते. फ्युरिन तर जवळपास प्रत्येक पेशीत! मग कोंबडीच्या मेंदूपासून काळजापर्यंत विषाणूला सगळीकडे मोकळं रान. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये देशातला पहिला एच५एन१ सापडला, तेव्हा पटापट मरणाऱ्या कोंबड्यांमागे हेच होतं. एवढ्याशा बदलानं एवढा फरक पडतो, हे मला अजूनही थक्क करतं.

माणसात बर्ड फ्लू फुफ्फुसात खोलवर बसतो, कारण त्याच्या एचला हवे असलेले साखरेचे रेणू तिथंच जास्त. म्हणून न्यूमोनिया भयंकर होतो. पण नाका-घशात त्याला पकड मिळत नाही, म्हणून शिंकेतून तो सहज पसरत नाही.

तुमचा जन्म १९६८च्या आधीचा की नंतरचा? त्या वर्षी हाँगकाँग फ्लूबरोबर एच३ आला. त्याआधी जन्मलेल्यांना लहानपणी पहिल्यांदा भेटला तो एच१ किंवा एच२, म्हणजे एच५चे जवळचे भाऊबंद. एच३ मात्र एच७च्या गोतावळ्यातला. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, की शरीर ही पहिली ओळख आयुष्यभर जपतं: एच५एन१ने तरुणांना जास्त गाठलं, तर २०१३ पासून चीनमध्ये पसरलेल्या एच७एन९ने वयस्कांना.